मिरगाच्या आत: कोकणातल्या एका छोट्या खेळ-प्रकाशनाची आवराआवर

ही नोंद एका भागीदारी संस्थेची आहे. माणसांची, पुस्तकांची आणि गावाची नावं मुद्दाम गाळली आहेत. ज्यांना असाच एखादा छोटा प्रकाशन-व्यवसाय बंद करावा लागणार आहे, त्यांना कामाचा क्रम कळावा यासाठी ही नोंद केली आहे. कोणती गोष्ट आधी बंद करायची आणि कोणती सगळ्यात शेवटी, यावरच या प्रकरणातलं बरंचसं नुकसान टळलं आणि थोडं झालंही.

पार्श्वभूमी

२०१७ साली उत्तर रत्नागिरीतल्या एका तालुक्याच्या गावात तिघांनी प्रत्येकी ५०,००० रुपये घालून नोंदणीकृत भागीदारी संस्था काढली. काम टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमच्या पुस्तकांचं. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे आपापलं पात्र वठवतात आणि अडलेल्या जागी फासा काय तो निकाल देतो. १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघालं तेव्हापासून हा प्रकार रुळला. या तिघांनी तो मराठीत आणला. गेम मास्टरला त्यांनी 'सूत्रधार' म्हटलं, कॅरेक्टर शीटला 'पात्रपत्रिका'. राखणदार, गलबतं, खाडी, घाटवाटा हे सगळं त्यांच्या जगात होतं. शिमग्यात संकासुराच्या सोंगामागे धावलेल्या मुलांना पात्र अंगावर घेणं म्हणजे काय ते शिकवावं लागलं नाही. इतक्या लांबून पुस्तक निघूनही ते खेळलं गेलं याचं मोठं कारण हेच.

मुख्य नियम-पुस्तक १९२ पानी, क्राउन चतुर्थांश आकाराचं, म्हणजे सोळा पानी बारा फर्मे. पहिली आवृत्ती ९० जीएसएम (दर चौरस मीटरला ९० ग्रॅम) मॅपलिथोवर, म्हणजे लेप नसलेल्या साध्या कागदावर, एकरंगी. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात गोदामाचे पत्रे उडाले आणि उरलेल्या प्रती भिजल्या. पंख्याखाली उभ्या करून, पानांत टीपकागद घालून त्यांतल्या निम्म्याहून जास्त वाचल्या. मॅपलिथो पाणी पितो, फुगतो, पण वाळल्यावर पानं सुटी होतात.

२०२२ ची दुसरी आवृत्ती मात्र चार रंगांत, १३० जीएसएम आर्ट पेपरवर, म्हणजे लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावर, मॅट लॅमिनेशनच्या मुखपृष्ठासह १,००० प्रती अशी निघाली. प्रतीचं वजन सुमारे ४१० ग्रॅमवरून ६०० ग्रॅमवर गेलं. चित्रं सुंदर उठली, पण हा निर्णय पुढे दोन्हीकडून महागात पडला: टपालात आणि गोदामात.

याशिवाय ३२ पानी चार इंग्रजी साहस-पुस्तिका होत्या, फाशांचे संच होते आणि परदेशी डिजिटल दुकानांवर पीडीएफची विक्री होती.

अडचण

एकाच कारणाने संस्था आजारी पडली नव्हती.

जानेवारी २०२३ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या मालक कंपनीने इतरांना आपले नियम वापरून पुस्तकं काढू देणारा जुना खुला परवाना, म्हणजे ओपन गेम लायसन्स १.०ए, मागे घेण्याचा मसुदा तयार केल्याचं बाहेर आलं. चारही इंग्रजी पुस्तिका त्याच परवान्यावर उभ्या होत्या. त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमसंच, एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्स या सार्वत्रिक खुल्या परवान्याखाली खुला केला. धोका टळला, पण तयार होत आलेली पाचवी पुस्तिका त्या गोंधळात थांबली ती थांबलीच.

१८ डिसेंबर २०२४ पासून टपाल खात्याची नोंदणीकृत बुक पोस्ट सेवा बंद झाली. गावातून एकेक प्रत पाठवणाऱ्या प्रकाशकाचा कणाच ही सेवा होती. या संस्थेचा प्रतीमागचा पाठवणी खर्च दुपटीहून वर गेला. मे २०२५ मध्ये 'ज्ञान पोस्ट' सुरू झाली, पण ती शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी. खेळाचं नियम-पुस्तक त्यात बसतं का याची खात्री नव्हती आणि फासे तर बसणारच नव्हते.

तिसरी गोष्ट सगळ्यात नाजूक. एप्रिल २०२४ मध्ये तिसऱ्या पुस्तकाची आगाऊ नोंदणी घेतली होती. १४३ जणांनी ४५० रुपयांप्रमाणे ६४,३५० रुपये दिले होते. मजकूर पूर्ण होता, चित्रं अर्धी. जानेवारी २०२५ मध्ये हिशेब मांडला तेव्हा बँकेत १,१२,००० रुपये होते, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त या १४३ जणांचे होते. मुद्रकाचे ४८,००० देणं, लेखक-चित्रकारांचे ३१,५००, आणि एका भागीदाराने संस्थेला दिलेलं १,२०,००० रुपयांचं कर्ज. दुकानांकडून येणं २२,४०० होतं, तेही परतीच्या बोलीवर दिलेल्या प्रतींचं.

समोरचे पर्याय

पहिला: तिसरं पुस्तक छापायचं आणि त्याच्या विक्रीवर तरायचं. ९६ पानी ५०० प्रतींचा अंदाज ९२,००० रुपये आला. ते दिले असते तर खात्यात २०,००० राहिले असते, पुस्तक नोंदणीदारांना पाठवायला नव्या दराने पैसे लागले असते, आणि मुद्रकाचं जुनं देणं तसंच राहिलं असतं. बहुतेक छोट्या प्रकाशनांचा घात याच पायरीवर होतो. पुस्तक हातात घ्यायची ओढ इतकी असते की शेवटचे पैसे छापण्यात जातात, आणि मग परतावा द्यायलाही काही उरत नाही.

दुसरा: छापील सोडून फक्त पीडीएफ. वर्षाची डिजिटल मिळकत ३४,००० च्या आसपास; सीए, विवरणपत्रं, मांडणीचं सॉफ्टवेअर, डोमेन यांचा खर्च ४१,०००. हा पर्याय एका बैठकीत संपला.

तिसरा: संस्था विकणं. मुंबईच्या एका इच्छुकाने विचारणा केली. त्याला हक्क हवे होते, देणी आणि आगाऊ नोंदणी नको होती. शिवाय पहिला प्रश्न त्याने विचारला तो 'चित्रांचे करार दाखवा' हा, आणि दाखवायला फारसं काही नव्हतं.

चौथा: हातात पैसे आहेत तोवर नीट बंद करणं. २६ जानेवारीला हाच ठरला.

मग तारखा उलट्या बाजूने मोजल्या. मिरग ७-८ जूनच्या सुमारास. त्याआधी गोदाम रिकामं हवं. एप्रिल-मे आंब्याचा हंगाम. टेम्पो मिळत नाहीत, मिळाले तर पेटीच्या भावाने. म्हणजे मोठी पाठवणी मार्चच्या मध्यापर्यंत. शिमगा १३-१४ मार्चला, मुंबईकर गावी येणार, जाताना प्रती हातोहात नेणार. आणि ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं. सगळं वेळापत्रक या चार गोष्टींवर बसवलं. कोकणात कागदाचा व्यवसाय बंद करायचा तर कायद्याच्या तारखांइतकंच पावसाकडे पाहावं लागतं.

आगाऊ पैसे

निर्णयानंतर त्याच आठवड्यात ६४,३५० रुपये वेगळ्या खात्यात काढून ठेवले. नंतरच्या कुठल्याही ओढाताणीत त्यांना हात लागला नाही, यामुळे पुढचं सगळं शक्य झालं.

नोंदणीदारांना तीन पर्याय दिले: पूर्ण परतावा, चित्रांशिवायचा पूर्ण मजकूर पीडीएफमध्ये आणि २५० रुपये परत, किंवा पीडीएफ आणि मुख्य पुस्तकाची एक प्रत. मुदत २० दिवस. उत्तर आलं नाही तर परतावाच धरायचा, हे पत्रात स्पष्ट लिहिलं. गप्प राहिलेल्या माणसाने पीडीएफ स्वीकारली असं धरणं चुकीचं आहे. त्याने पुस्तकाचे पैसे दिले होते.

६१ जणांनी पूर्ण पैसे मागितले (२७,४५०), ५८ जणांनी दुसरा पर्याय घेतला (१४,५००), १७ जणांनी तिसरा. सात जण सापडले नाहीत. त्यांचे ३,१५० बाजूला राहिले.

अडलं ते परत पाठवण्यात. नऊ-दहा महिन्यांपूर्वीचे व्यवहार पेमेंट गेटवेतून परत फिरवता आले नाहीत, म्हणून यूपीआय आयडी मागवावे लागले. नोंदणीच्याच ईमेलवरून आलेलं उत्तर ग्राह्य धरायचं, आधी एक रुपया पाठवायचा, दिसणारं नाव यादीशी जुळवायचं, मगच बाकीची रक्कम. या पद्धतीत दोन चुकीचे आयडी पकडले गेले.

गोदाम

खोकी उघडून मोजणी केली तेव्हा कागदावरच्या ६१२ प्रतींपैकी ७४ खराब निघाल्या. काहींच्या मुखपृष्ठाला बाक आला होता: लॅमिनेशन बाहेरच्या बाजूला, आतला कागद दमट हवेत फुगतो, प्लास्टिक फुगत नाही, आणि कव्हर बाहेरच्या बाजूला वळतं. या प्रती चार दिवस वजनाखाली ठेवल्यावर विकण्याजोग्या होतात, पुढच्या पावसात पुन्हा वळतात. ज्यांच्यात पाणी शिरलं होतं त्यांची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. आर्ट पेपरवरचा लेप भिजला की सरसासारखा धरतो. वाळल्यावर ओढलं तर छपाईच निघून येते. त्यांना उपाय नाही. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे हा कागद जांभ्याच्या भिंतीला टेकवून, जमिनीवर खोकी ठेवून साठवायचाच नसतो. फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सुटी, हे फार उशिरा कळलं.

उरलेल्या ५३८ प्रतींची वाटणी अशी झाली. ६५० ची प्रत ३२५ ला: २१४ प्रती, त्यांतल्या ९६ शिमग्यात हातोहात गेल्या. १७ नोंदणीदारांना. ४० लेखक-चित्रकारांना. १२० जिल्ह्यातल्या वाचनालयांना आणि शाळांना. मुख्य लेखकाने १०० प्रती ६० रुपये दराने घेतल्या. ४७ प्रती आणि खराब झालेल्या ७४ रद्दीत. पुस्तिकांपैकी ३१० विकल्या, २४० वाटल्या, ३५० रद्दीत. रद्दी एकूण १०४ किलो, ९ रुपये दराने ९३६ रुपये. लॅमिनेटेड मुखपृष्ठं फाडून वेगळी दिली असती तर दर जरा बरा मिळाला असता.

फाशांबाबत एक चूक वेळीच सुधारली. 'पुस्तक आणि फासे मिळून एकच किंमत' अशी जाहिरात तयार होती. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, फाशांवर आहे. दोन्ही एका किमतीत विकले तर तो मिश्र पुरवठा ठरतो आणि जास्त दराच्या वस्तूचा कर पूर्ण रकमेवर लागतो. सीएने ते पाहिलं आणि बिलात दोन वेगळ्या ओळी, दोन वेगळ्या किमती झाल्या. ६० संच १२० रुपयांना ३१ मार्चच्या आत संपवले. फासे आधी, पुस्तकं नंतर, हा क्रमही त्यासाठीच: करपात्र माल संपला की जीएसटी नोंदणी रद्द करायला अडथळा राहत नाही, आणि उरलेली करमुक्त पुस्तकं पुढे सावकाश काढता येतात.

हक्क परत देणं

चार लेखक, पाच चित्रकार. लेखी करार फक्त दोघांशी. बाकी सगळं ईमेलवर आणि व्हॉट्सअॅपवर. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क-हस्तांतर लेखी आणि सहीचं लागतं, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. म्हणजे २०१८ च्या करारांतला मजकूर आधीच लेखकांकडे परत गेला होता, आणि संस्था तो आपला समजून विकत होती. कुणी तक्रार केली नाही हा माणसांचा चांगुलपणा. त्यावर व्यवसाय उभा ठेवू नये.

प्रत्येकाला एक पानी हक्क-परतीचं पत्र दिलं. त्यात पुस्तकाचं नाव आणि आवृत्ती, चित्रांची पान क्रमांकांसह यादी, हक्क परत जाण्याची तारीख, उरलेल्या छापील प्रती ३१ मेपर्यंत विकण्याची मुभा, आणि सोबत कोणत्या फाइल देत आहोत याची नोंद होती. तीनही भागीदारांच्या सह्या होत्या. संस्था विसर्जित झाल्यावर सही करायला कुणाला अधिकार आहे याचा वाद नको, म्हणून ही पत्रं विसर्जनाच्या तारखेआधी दिली. हा क्रम फार महत्त्वाचा आहे.

फाइल देताना दोन गाठी लागल्या. पहिल्या आवृत्तीचा मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये होता. पीडीएफ दिसायला नीट, पण मजकूर कॉपी केला की निरर्थक अक्षरं. तो लेखकाला देऊन उपयोग नव्हता. रूपांतरकातून काढल्यावर रफार सरकले, 'दऱ्या', 'कोऱ्या' अशा शब्दांतला अर्धा र हरवला. १९२ पानं माणसाने वाचून दुरुस्त केली, त्याला सव्वीस दिवस गेले. दुसरी गाठ: मांडणीच्या फोल्डरमधले विकतचे फाँट संस्थेच्या परवान्यावर होते, ते दुसऱ्याला देता येत नाहीत. म्हणून मजकूर 'मुक्त' या खुल्या परवान्याच्या फाँटमध्ये ओतून दिला.

इंग्रजी पुस्तिकांपैकी तीन लेखकांनी क्रिएटिव्ह कॉमन्सवर नेल्या: जुन्या परवान्याचं पान काढलं, एसआरडी ५.१ चा श्रेयनिर्देश घातला. चौथीत दुसऱ्या एका प्रकाशकाचे तीन राक्षस होते, ते ओपन गेम लायसन्सखालीच घेतलेले. ती पुस्तिका जुन्याच परवान्यावर, त्या परवान्याच्या कलम १५ मधली सगळी कॉपीराइट-नोंद जशीच्या तशी ठेवून राहिली. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकांचे ओळख-क्रमांक, मात्र कुणालाही दिले नाहीत. ते प्रकाशकाला बांधलेले असतात. नव्या प्रकाशकाने नवा घ्यायचा.

याच यादीत एक राहिलेलं कर्तव्यही सापडलं. पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत राष्ट्रीय ग्रंथालय, कोलकाता आणि कायद्याने ठरवलेल्या इतर ग्रंथालयांना, त्यांत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयालाही, प्रती द्यायच्या असतात. दुसऱ्या आवृत्तीच्या दिल्याच नव्हत्या. लेखकांसाठी ठेवलेल्या ४० प्रतींतूनच त्या पाठवल्या. संस्था गेली तरी पुस्तक कुठेतरी मिळायला हवं, आणि त्याची हमी देणारी हीच एक जागा आहे.

कागदपत्रं

३१ मार्च २०२५ ला तिघांच्या संमतीने विसर्जन-लेख केला. विसर्जनानंतरही आवरण्यापुरता भागीदारांचा अधिकार चालू राहतो, त्यामुळे एप्रिल-मेची विक्री आणि पाठवणी अडली नाही. एप्रिलमध्ये आरईजी-१६ भरून जीएसटी नोंदणी रद्द करण्याचा अर्ज केला. रद्दचा आदेश आला की काम संपलं असं समजून बरेच जण थांबतात. त्यानंतर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरावं लागतं. ते वार्षिक विवरणपत्राहून वेगळं आहे. हिशेबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवायची असतात. ती स्कॅन केली, कारण गोदामातली दमट हवा त्यांनाही सोडणार नव्हती.

बँक खातं आणि ईमेल सर्वांत शेवटी. डिजिटल दुकानाचे पैसे पेपालमार्गे उशिरा येतात. खातं आधी मिटवलं असतं तर शेवटचे ९,२०० अडकले असते. डोमेन आणखी दोन वर्षांसाठी भरून ठेवलं. ते सोडलं तर दुसरं कुणी घेऊ शकतं, आणि सगळ्या जुन्या खात्यांचे पासवर्ड त्याच पत्त्यावरच्या ईमेलने बदलता येतात.

निष्पत्ती

आवराआवरीत १,२२,९८६ रुपये आले: पुस्तकांचे ६९,५५०, पुस्तिकांचे १५,५००, फाशांचे ७,२००, दुकानांकडून १४,६००, डिजिटल ९,२००, लेखकाने घेतलेल्या प्रतींचे ६,००० आणि रद्दीचे ९३६. आधीचे धरून २,३४,९८६. त्यातून परतावा आणि राखीव रक्कम ४५,१००, मुद्रक ४८,०००, लेखक-चित्रकार ३१,५००, पाठवणी २१,४००, आणि सीए, कर, जाहिरात मिळून ३३,८०० गेले. उरले ५५,१८६.

भागीदारी कायदा, १९३२ चं कलम ४८ क्रम सांगतं: आधी बाहेरची देणी, मग भागीदाराचं कर्ज, मग भांडवल. म्हणून ५५,१८६ कर्जाकडे गेले, ६४,८१४ कमी पडले. ती तूट तिघांत सारखी वाटली तर प्रत्येकी सुमारे २१,६०० येते. इतर दोघांनी आपापला वाटा कर्ज देणाऱ्याला दरमहा ३,६०० प्रमाणे सहा हप्त्यांत दिला. भांडवल तिघांचंही गेलं. बाहेरच्या कुणाचे पैसे बुडाले नाहीत. गोदामाची किल्ली मालकाला २ जूनला परत केली.

काय वेगळं करता आलं असतं

सार्वजनिक सूचनेला उशीर झाला. भागीदारी कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ती निघेपर्यंत एका भागीदाराने संस्थेच्या नावाने केलेल्या व्यवहाराला बाकीचेही बांधील राहतात. नोंदणीकृत संस्थेसाठी निबंधकांना कळवणं, राजपत्र आणि जिल्ह्यात खपणारं स्थानिक भाषेतलं एक वृत्तपत्र, अशी तिन्ही ठिकाणी ती लागते. ती जुलैत निघाली. मधल्या काळात एका पुस्तक-जत्रेच्या गाळ्याचं आधीचं आरक्षण रद्द करायचं राहून गेलं आणि आयोजकांनी भाडं मागितलं. ज्याने आरक्षण केलं होतं त्याने खिशातून भरलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सूचना देऊन सर्व पुरवठादारांना पत्रं गेली असती तर हे घडलं नसतं.

बातमी आधी खेळाडूंच्या व्हॉट्सअॅप गटात गेली आणि आगाऊ पैसे देणाऱ्यांना दोन दिवसांनी पत्र मिळालं. काहींना ती तिसऱ्याकडून कळली. त्या दोन दिवसांचा राग पुढच्या महिनाभराच्या उत्तरांत दिसत होता. पैसे दिलेल्या माणसाला आधी कळवायला हवं होतं.

पण खरी चूक २०२२ ची. एक हजार प्रतींचा आर्ट पेपर निवडला नसता, पाचशे प्रती मॅपलिथोवर आणि चित्रांचा एकच सोळा पानी रंगीत फर्मा आर्ट पेपरवर असं केलं असतं, तर वजन आणि गोदाम दोन्ही हलकं राहिलं असतं. आगाऊ नोंदणीचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात असते, तर जानेवारीत बँकेत १,१२,००० दिसून आपल्याकडे अजून वेळ आहे असा भास झाला नसता. बंद करण्याचा निर्णय कदाचित २०२४ च्या गणपतीतच झाला असता.

न सापडलेल्या सातांपैकी दोघांनी ऑक्टोबरमध्ये त्या जुन्या ईमेलवर लिहिलं. त्यांचे पैसे त्याच दिवशी गेले. उरलेल्या पाच जणांचे २,२५० रुपये एका भागीदाराच्या वेगळ्या खात्यात, नावांच्या यादीसह, तीन वर्षं राहणार आहेत.